चौदा नंबरची हद्द

सुतळीनं नर्सिंगची पदवी घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या बाबांनी तिच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा काढला. नकाशा म्हणजे खरोखरचा नकाशा. बाबा चौतीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेले. एखादी गोष्ट कागदावर चारी बाजूंनी रेघांत अडकल्याशिवाय ती जगात आहे, यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढून आईच्या हातात ठेवला होता. आईनं तो तेलाच्या डब्याखाली पसरला आणि संसार सुरू झाला.

जन्मली तेव्हा पोरगी लांब आणि बारीक, म्हणून काकानं तिला सुतळी म्हटलं. ते नाव असं चिकटलं की खरं नाव फक्त हजेरीपटाच्या कामाला उरलं. तर या सुतळीचा नकाशा बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर लागला. झालेला रस्ता काळ्या शाईत, व्हायचा रस्ता तुटक रेषेत. पदवीपाशी छोटा त्रिकोण, मग सर्जिकल वॉर्ड एक वर्ष, मग आयसीयू तीन वर्षं, मग पुढचं शिक्षण, मग इन्चार्ज सिस्टर, आणि उजव्या कोपऱ्यात लाल शाईत : मेट्रन, वय बेचाळीस.

"बेचाळीसच का?" सुतळीनं विचारलं होतं.

"चाळीस धरलं होतं. दोन वर्षं चूकभूल."

येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढता काढता तो नकाशा वाचावा लागे. दूधवाल्याला तो पाठ झाला होता. सुतळीला ड्यूटीवरून यायला उशीर झाला, की तो आईला विचारी, "ताई आयसीयूला पोचल्या का?"

ताई आयसीयूला पोचल्या नव्हत्या. ताई सर्जिकल वॉर्डच्या टोकाला असलेल्या ड्रेसिंगच्या खोलीत अडकल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्यांना तिथून निघायचंच नव्हतं.

त्या खोलीवर पट्टीबाईंचं राज्य होतं. पट्टीबाई म्हणजे सव्वीस वर्षं जखमा बांधणाऱ्या बुटक्या सिस्टर. नवीन मुलींना त्या पहिल्या दिवशी फक्त बघायला लावत, दुसऱ्या दिवशी हात धुवायला शिकवत, आणि तिसऱ्या दिवशी मुलगी चक्कर येऊन पडली नाही तर तिला चिमटा धरू देत. सुतळी पडली नाही. उलट तिसऱ्या दिवशी ती इतकी वाकून बघायला लागली की पट्टीबाईंनी तिला कोपरानं मागं सारलं.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. हत्ती सगळ्यांनाच दिसतो. आपलं काम मुंगीची पावलं बघायचं."

सुतळीला ते काम आवडलं, अगदी मनापासून आवडलं. आज पिवळी दिसणारी जखम चार दिवसांनी लालचुटूक होते, कडेला गुलाबी कातडीची किनार धरते, हे पाहताना तिला वेळेचं भान राहत नसे. पण ही आवड घरी सांगायची कशी? आवडत्या कामाबद्दल माणूस जेवताना बोलतो. सुतळीनं एकदा तोंड उघडलं होतं. तेव्हा आईनं नुसती भुवई उचलली आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

त्यात दोन अर्ज आले. एक, आयसीयूमधल्या कायम जागेचा. दुसरा, जखमांच्या खास शिक्षणाचा : वर्षभर दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात शिकायचं आणि परत येऊन ड्रेसिंगची खोली चालवायची, कारण पट्टीबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. जागा एकच. मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, एका मुलीनं एकच अर्ज द्यायचा, सोमवारी दुपारी बारापर्यंत. दोन्ही डगरींवर हात ठेवलेले चालणार नाहीत.

जखमांच्या अर्जाला आणखी एक मेख होती. स्वतः सांभाळलेल्या एका रुग्णाची जखम किती भरली, ते आकड्यांत दाखवायचं होतं.

सुतळीचा रुग्ण म्हणजे चौदा नंबरच्या खाटेवरचे सुतारमिस्त्री. नडगीवर फळी पडली, साखर वाढलेली, औषधाचा कंटाळा. जखम चिघळली आणि मिस्त्री खाटेवर आले. दर रविवारी सुतळी त्या जखमेवर दुपदरी पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडेकडेनं पेन फिरवी. खालचा पदर टाकून द्यायचा, वरचा स्वच्छ पदर फाइलला लावायचा. डोक्याची बाजू कळावी म्हणून वर एक बाण काढायचा. मिस्त्री मान उंचावून बघत आणि म्हणत, "सिस्टर, लाकूड असतं तर मी एव्हाना ठिगळ मारून रंधा फिरवून मोकळा झालो असतो."

"लाकूड स्वतःहून भरत नाही, मिस्त्री. तुमचा पाय भरेल."

म्हणायला ती म्हणाली खरी, पण चौथ्या आठवड्यात तिचाच धीर सुटला. नियमाप्रमाणे तिनं सर्वांत जास्त लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी मोजली होती. पहिल्या आठवड्यात साडेसहा सेंटिमीटर लांब, चार पूर्णांक दोन रुंद. चौथ्या आठवड्यात सहा पूर्णांक तीन आणि चार. महिनाभर राबून मुंगी दोन पावलं चालली होती. हे आकडे घेऊन निवड समितीपुढं जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पट्टीबाई म्हणत होत्या, जखम छान दिसतेय. पण 'छान' हा काही आकडा नाही.

शनिवारी घरी येऊन तिनं आयसीयूचा अर्ज भरला आणि खाली सही ठोकली. बाबांनी लांबूनच पाहिलं आणि दौत उघडून ठेवली. नकाशावरची पुढची तुटक रेघ काळी करायची तयारी. सुतळी हसली. मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून थोडी रडली, कारण नळ मोठा असला की घरात काही विचारत नाहीत.

आता पुढं जे झालं त्याला सुतळीचा वेंधळेपणा कारण. इन्चार्ज सिस्टरांची परवानगी घेऊन तिनं त्या जखमेच्या चारही आठवड्यांच्या नकला कागदावर करून घरी आणल्या होत्या. नाव नाही, गाव नाही, फक्त खाटेचा नंबर, तारीख आणि बाण. कागद कुठला, तर बाबांच्या भेंडोळ्यातून कापलेला नकाशाचा पातळ कागद. आणि चुरगळू नयेत म्हणून त्या नकला तिनं ठेवल्या कुठं, तर बाबांच्याच पुठ्ठ्याच्या नळकांड्यात. सशानं आपलं पिल्लू लांडग्याच्या घरी सांभाळायला द्यावं, तसं.

रविवारी सुतळी सकाळच्या ड्यूटीला गेली. बाबांनी कशासाठीतरी नळकांडं उघडलं आणि त्यांच्या हाती लागले चार नकाशे. एकाच प्लॉटचे. क्रमांक चौदा. उत्तर दिशेचा बाण दिलेला. दर आठवड्याला एक मोजणी. आणि दर मोजणीला प्लॉट लहान होत चाललेला.

निवृत्त माणसाला रविवार आणि सोमवार सारखेच. पण त्या रविवारी बाबांना नोकरीवर परत घेतल्यासारखं झालं. चष्मा पुसला. कपाटाच्या वरच्या फळीवरून निळ्या मखमलीची पेटी काढली. तिच्यात त्यांचं जुनं यंत्र होतं : दोन पितळी बाहू आणि मधे एक छोटं चाक. बाहूचं टोक हद्दीवरून एकदा गोल फिरवून आणलं की आतल्या जागेचं क्षेत्रफळ चाकावर वाचता येतं, मग जागा कितीही वेडीवाकडी असो. आईला हे यंत्र सवतीसारखं होतं. तिनं जेवायला तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा टेबलावरच्या पातेल्यांवर झाकणं घालून ठेवली.

दुपारी साडेतीनला सुतळी दारात आली तेव्हा बाबा येरझारा घालत होते.

"सुतळे, चौदा नंबरचा मालक कोण?"

सुतळीच्या हातातली चप्पल हातातच राहिली. "चौदा नंबर? ते सुतारमिस्त्री. का हो?"

"त्याला माहीत आहे का, त्याचं काय चाललंय ते?"

"थोडंफार आहे माहीत. सांगतो आम्ही त्यांना."

"आणि तो गप्प बसलाय?"

"गप्प कसले, बोलतात भरपूर. पण खाटेवर पडलेला माणूस, करणार काय?"

"तेच ते," बाबांनी टेबलावर थाप मारली. "माणूस आजारी पडलेला बघून शेजाऱ्यांनी डाव साधला. असल्या केसेस हजार पाहिल्यात मी. पण इतका निर्लज्ज प्रकार नाही पाहिला. माणसं एका बाजूनं सरकतात, रात्रीतून दगड हलवतात. इथं चारी बाजूंनी आत घुसलेत. दर आठवड्याला. शिस्तीत."

सुतळीनं टेबलाकडं पाहिलं. तिथं मिस्त्रींची नडगी चार वेळा पसरलेली होती, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट, आणि मधोमध बाबांचं यंत्र. शेजारी बाबांच्या टपोऱ्या अक्षरात एक अर्ज तयार होता : 'अर्जदार रुग्णालयात असल्याचा गैरफायदा घेऊन त्यांच्या मालकीच्या क्षेत्रावर चारही दिशांनी पद्धतशीर अतिक्रमण होत असून...'

तिला हसू फुटणार होतं. पण एक शब्द तिच्या कानात अडकला.

"बाबा, चारी बाजूंनी?"

"चारी. हे बघ. ही वरची चिंचोळी पट्टी आणि ही डावीकडची, एवढ्या दोन जिभा तेवढ्या वाचल्यात. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं, लांबी तीच, रुंदी तीच, सगळं जागच्या जागी. कोणीतरी गाढवानं लांबी-रुंदी मोजून समाधान मानलं असणार. पण बाकीची हद्द बघ कुठं आलीय."

ते गाढव बाबांच्या समोरच उभं होतं. गाढवानं विचारलं, "किती गेलं?"

"मोजपट्टीचं प्रमाण कुठं दिलेलं नाही, म्हणून कागदावरचंच सांगतो. पहिली मोजणी अठरा पूर्णांक सहा चौरस सेंटिमीटर. मग पंधरा पूर्णांक नऊ. मग तेरा पूर्णांक चार. आणि गेल्या रविवारी अकरा पूर्णांक दोन. चार नकाशांत चाळीस टक्के जमीन गिळली. चाळीस टक्के, सुतळे."

सुतळीनं खुर्ची पुढं ओढली. चप्पल अजून हातातच.

"परत मोजा," ती म्हणाली.

"दोनदा मोजलंय."

"माझ्यासमोर मोजा ना."

बाबांनी मोजलं. पितळी टोक कडेकडेनं फिरलं, चाक कुरकुरत वळलं आणि पुन्हा अकरा पूर्णांक दोनवर थांबलं. मुंगी चालत होती. महिनाभर चालत होती, आणि सुतळी नेमकी तिची पावलं सोडून दुसरीकडंच पट्टी लावून बसली होती. तिला इतका आनंद झाला की बाबांचा हात धरून तिनं तो दोनदा हलवला, पाहुण्याचा हलवावा तसा.

"बाबा, प्रमाण एकास एक आहे."

"एकास एक? एवढीशी जमीन? त्यात काय पेरतो तो?"

"ती जमीन नाही. जखम आहे. मिस्त्रींच्या पायाची. आणि शेजारी आत येतायत ती नवी कातडी. बरं होणं म्हणतात त्याला."

बाबांनी टेबलावरचा हात हळूच उचलला. आईनं शेजारचं झाकलेलं पातेलं त्याहून हळू उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. तिथून तिचा आवाज आला, "माझ्या जेवणाच्या टेबलावर."

"कागद आहे नुसता, आई. नक्कल आहे."

"नकलेनं पण जेवण जात नाही."

बाबांनी मात्र कागदावरून डोळे काढले नव्हते. बाणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे हे उत्तर नाही?"

"डोकं."

"हं," ते म्हणाले, आणि ते बोट त्यांनी चारही हद्दींवरून फिरवत नेलं. "इतक्या बारकाईनं हद्द कोणी घेतली?"

"मी."

"चांगली घेतलीयस. हात हलला नाही कुठं." बाबांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला त्यांच्या हाताखालच्या लोकांना दहा-दहा वर्षं थांबावं लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण घरी कशाला आणलंस हे?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुतळीनं पिशवीतून दोन्ही अर्ज काढले. सही केलेला वर, कोरा खाली. उद्या बारा वाजेपर्यंत यातला एक द्यायचाय, ती म्हणाली. वरचा तुमच्यासाठी भरलाय. खालचा मला हवा होता, पण आकडे नव्हते आणि धाडसही नव्हतं. आता आकडे आहेत. आयसीयू चांगलंच आहे, बाबा, तिथं माणसं मरणाच्या दारातून ओढून आणतात. पण मला तिथून पुढचं आवडतं. सावकाश भरून येणं.

बाबा खिडकीपाशी गेले. "ड्रेसिंगची खोली," ते म्हणाले. "आयुष्यभर एका खोलीत राहशील. बरोबरच्या मुली वर जातील, तुझ्या हातात चिमटा. साठाव्या वर्षी लोक विचारतील, काय झालात? माझ्यासारखं, काही नाही झालो म्हणून सांगावं लागेल. ते होऊ नये म्हणून भिंतीवर ठोकलंय ना ते सगळं?"

यावर बोलली ती आई, स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसत.

"या बाबतीत तरी खरं तेवढं सांगा पोरीला. यांना दोनदा बढती आली होती, सुतळे. मोठ्या कार्यालयात, खुर्ची, टेबल, पंखा. दोन्ही वेळा नाही म्हणून आले. विचारलं तर म्हणे, दुसऱ्यानं मोजलेल्यावर नुसती सही करायची? त्यापेक्षा उन्हात मोजणीची साखळी ओढलेली बरी."

"तेच चुकलं माझं," बाबा म्हणाले.

"चुकलं असेल," आई म्हणाली. "पण आज सकाळी आठपासून साडेतीनपर्यंत तुम्ही त्या यंत्रावर वाकून बसला होतात. जेवलाही नाहीत. निवृत्त झाल्यापासूनच्या चार वर्षांत मी तुम्हाला एवढं खूश पाहिलं नव्हतं. चुकलेला माणूस असा दिसतो का?"

आई जिंकली की बाबा चष्मा पुसतात, तसा त्यांनी पुसला. मग दौत आणि पट्टी घेऊन ते भिंतीवरच्या नकाशापाशी गेले.

"खोडरबर देऊ?" सुतळीनं विचारलं.

"अधिकृत कागदावर खोडायचं नसतं. आडवी एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख."

"आमच्याकडंही तसंच असतं. रुग्णाच्या कागदावर."

"असणारच. शहाण्यांचं खातं दिसतंय." त्यांनी 'आयसीयू तीन वर्षं' यावरून एक सरळ रेघ ओढली, सही केली, तारीख घातली आणि पेन सुतळीपुढं धरलं. "तूही कर. नकाशा तुझा आहे."

तिनं सही केली. बाबांनी खालून नवी तुटक रेघ काढायला घेतली. जखमांचं शिक्षण एक वर्ष. पुढं ड्रेसिंगची खोली. त्याच्या पुढं पेन थांबलं.

"आणि पुढं?" सुतळीनं विचारलं.

बाबांनी थोडा विचार करून लिहिलं : 'या भागाची मोजणी बाकी.' लाल शाईतल्या मेट्रनला मात्र त्यांनी हात लावला नाही. तेवढी चूकभूल त्यांनी ठेवून घेतली.

सोमवारी पावणेबारा वाजता अर्ज गेला. मुलाखतीत समितीच्या तिघांनी क्षेत्रफळाचा तक्ता पाहिला आणि एकानं विचारलं, हे इतकं अचूक कोणी काढलं? "हद्द मी घेतली, मोजणी घरच्या मोजणीदारांनी केली," सुतळीनं सांगितलं. पट्टीबाई दाराबाहेर उभ्या होत्या. निकाल लागला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता क्षेत्रफळावरून मलाच शिकवू नकोस म्हणजे झालं," आणि आपला जुना चिमटा तिच्या खिशात सरकवला.

मिस्त्रींना तिनं बाबांचा तो अतिक्रमणाचा अर्ज वाचून दाखवला. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून ते म्हणाले, "बाबांना सांगा, आपली काही तक्रार नाही. शेजाऱ्यांना म्हणावं, या खुशाल, सगळंच घेऊन टाका."

शेजारी आले. दर रविवारी एक कागद घरी जात राहिला, आणि बाबा आंघोळ करून, चष्मा पुसून त्याची वाट बघत राहिले. पाचव्या आठवड्यात नऊ, सहाव्यात साडेसहा. नवव्या रविवारी सुतळीनं कागद टेबलावर ठेवला. त्यावर वर बाण होता, कोपऱ्यात चौदा नंबर होता, तारीख होती, आणि मधे काहीच नव्हतं.

बाबांनी तरी यंत्र काढलं. पितळी टोक कोऱ्या कागदावर टेकवलं, चाकावर वाचलं आणि रीतसर लिहिलं : क्षेत्र शून्य. खाली सही केली. चौतीस वर्षांत त्यांनी लोकांच्या वीतवीत जमिनीसाठी भांडणं केली होती. आज एक अख्खा प्लॉट नकाशावरून नाहीसा झाला, आणि बाबा तो कोरा कागद घेऊन दूधवाल्याला दाखवायला दाराशी उभे राहिले.